रूता आत्याचा बारावा दगड

“म्हणजे मी नुसतं बसायचं ना?” साईतू आजोबांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

“नुसतं बसायचं. उजवं कोपर टेबलावर ठेवायचं आणि कुणी म्हटलं तर हात लावू द्यायचा,” अकाईती म्हणाली.

“आणि मासा?”

“मासा कार्यक्रम झाल्यावर. त्यातही ट्यूना नाही. नर्सबाई पहिल्याच रांगेत बसणार आहेत.”

आजोबांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या उजव्या कोपरावर लिंबाएवढी टणक गाठ होती आणि बोटांच्या पेरांवर चिंचोक्यांसारख्या पाच-सहा बारक्या गाठी होत्या. ऐन तारुण्यात हाच माणूस एका दमात लगूनच्या, म्हणजे बेटाच्या मधल्या उथळ समुद्राच्या, तळाशी जाऊन मोत्यांचे शिंपले काढून आणत असे. आता त्याला शर्टाची बटणं लावायला नात लागे. पण कोपराचं प्रदर्शन मांडायचं म्हटल्यावर गडी खूश होता. ओमोका गावात आजवर कुणाच्या कोपराला टेबल मिळालं नव्हतं.

सगळी गडबड सुरू झाली ती दोन दिवसांपूर्वी, समुद्रतळाची पाहणी करणारं जहाज धक्क्याला लागलं तेव्हा. जहाजावरच्या शास्त्रज्ञ तेरेआपीताई मूळच्या रारोटोंगा बेटाच्या, म्हणजे आपलंच माणूस. त्या शाळेत आल्या आणि वरच्या वर्गातल्या पाचही मुलांच्या हातावर त्यांनी एकेक काळा गोळा ठेवला. बटाट्याएवढा, खडबडीत, हाताला काजळी लावणारा.

“ही धातूची गाठ,” त्या म्हणाल्या होत्या. “पाच किलोमीटर खोल, समुद्राच्या तळावर पडलेली होती. समुद्राच्या पाण्यातलं मँगनीज आणि लोखंड हिच्यावर थरावर थर बसत गेलं. एवढी व्हायला एक कोटी वर्षं लागली असतील. बुधवारी दुपारी सभागृहात ही घेऊन या आणि मी सांगितलेलं नाही असं काहीतरी हिच्याबद्दल मला सांगा. जो उत्तम सांगेल, तो गुरुवारी आमच्याबरोबर जहाजावर येईल. आम्ही कॅमेरा तळापर्यंत सोडणार आहोत. एकच अट आहे. गाठ मला अखंड परत हवी.”

तेव्हापासून अकाईतीला झोप नव्हती. पाणबुड्यांच्या घरातली पोर ती. लगूनचा तळ तिला अंगणासारखा पाठ होता. पण प्रवाळाच्या कड्यापलीकडे समुद्र एकदम निळाकाळा होई, आणि तिथला तळ आजोबांनीही पाहिला नव्हता, आजोबांच्या आजोबांनीही नाही. तो तळ पाहायचा म्हणजे पाहायचाच.

तिनं युक्ती चांगली काढली होती. नुसत्या समुद्रातल्या गाठीबद्दल चौघंजण बोलतीलच. आपण तीन गाठी मांडायच्या. एक समुद्रातली, एक झाडातली आणि एक माणसातली. माणूस घरचाच होता. झाडातली आणायला ती आज सकाळी किनाऱ्यावर जाणार होती. वाळूत पिवळ्या फुलांचा रानवेल पसरतो ना, शेंगावाला, त्याच्या मुळांना मोहरीएवढ्या गाठी असतात.

“मी वेल खणून आलेच,” ती म्हणाली आणि समुद्रातली गाठ मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत उन्हात ठेवून पळाली. गाठीचं चित्र काढता काढता मध्येच उठली होती. पेन्सिल तिथंच, वहीही तिथंच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तोंगारेवा हे प्रवाळाचं बेट आहे. समुद्रसपाटीपेक्षा चार हात उंच. इथं सगळंच पांढरं, वाळू पांढरी, खडे पांढरे, रस्ते पांढरे. काळा दगड औषधालाही सापडत नाही. आणि उमू, म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर अन्न भाजायची भट्टी, तिला तर काळाच दगड हवा. प्रवाळाचे तुकडे दोन-तीनदा तापले की फुटून चुना होतात. म्हणून ज्यांच्या घरी रारोटोंगाहून आणलेले काळे दगड असतात, त्या बायका ते दगड दागिन्यांसारखे जपतात. रूता आत्याकडे असे बारा दगड होते. मागच्या नाताळात तिनं ते शेजारच्या माकिरेताला उसने दिले आणि परत आले अकरा. “तू दिलेच अकरा,” माकिरेता म्हणाली. तेव्हापासून दोघी चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूला बसत होत्या.

अकाईती तासाभरानं परतली ती उड्या मारतच. बादलीत वेल होता, मुळांना गाठींची गच्च माळ.

“आजोबा, बघा! फोडून बघा एक! आत गुलाबी आहे! गुलाबी म्हणजे जिवंत!”

मग ती मागच्या अंगणात गेली. वही होती, पेन्सिल होती. गाठ नव्हती.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला रूता आत्या उमूवर शेवटची वाळू लोटत होती. जहाजावरच्या पाहुण्यांसाठी गावजेवण होतं. खाली दगड, त्यावर केळीच्या पानात गुंडाळलेले मासे, पुराका कंद, फणसाच्या जातीची ब्रेडफ्रूटं, वर पानं, पोती आणि वाळू. आत्या गुणगुणत होती. रूता आत्या एरवी कधी गुणगुणत नसे.

“आत्या, इथं माझी गाठ होती.”

“गाठ नाही पाहिली बाई. पण आज चमत्कार झाला! माकिरेताला शेवटी लाज वाटली. दगड परत करून गेली, गुपचूप, भिंतीपाशी ठेवून. तोंड दाखवायची हिंमत नाही झाली, पण मी म्हटलं जाऊ दे, केली माफ.”

“आत्या! कुठाय तो दगड?”

“कुठं असणार? दगडाची जागा जिथं तिथं.” आत्यानं वाळूच्या ढिगाकडे बोट केलं.

आणि नेमकं त्याच क्षणी ढिगाच्या पोटातून आवाज आला, उशीखाली कुणी नारळ फोडावा तसा. ठप्प.

अकाईती ढिगाकडे धावली. “आत्या, तो माकिरेतामावशीचा दगड नव्हता. ती एक कोटी वर्षांची होती!”

“काय म्हणतेस?”

“समुद्राच्या तळाची! जहाजवाल्यांची! अखंड परत द्यायची होती! आत्या, उमू उघड. आत्ताच्या आत्ता उघड!”

“डोकं फिरलंय का तुझं?” आत्यानं दोन्ही हात पसरून उमूची वाट अडवली. “चाळीस माणसांचं जेवण आहे आत! वाफ गेली की कंद दगडासारखा राहील. पाळक येणार, कॅप्टन येणार, ते काय कच्चा पुराका चावणार?”

“मग माझं जहाज गेलं,” अकाईती म्हणाली. ती रडली नाही. पण आवाज असा निघाला की आत्याचे हात आपोआप खाली आले.

साईतू आजोबा काठी टेकत येऊन उभे राहिले. “रूता, तुला प्रत्येक दगडाची जागा ठाऊक असते, की नाही?”

“म्हणजे काय! डोळे मिटून सांगीन.”

“मग सगळी उमू कशाला उघडायची? जिथं तो ठेवलास तेवढाच कोपरा उघड. मी वाफ धरून ठेवतो.”

“तुम्ही? ही बोटं घेऊन?”

“बोटांना काय करायचंय? मी वरच बसतो.”

आणि खरंच, आजोबा अख्खेच्या अख्खे उमूवरच्या वाळूवर पसरले. आत्यानं ‘अगं बाई गं’ म्हणत समुद्राकडच्या कडेची वाळू बाजूला केली, पान उचललं, वाफेचा लोट उठला. माशाचा वास सुटला तसे आजोबा म्हणाले, “हा ट्यूनाच आहे!”

“बाबा, तोंड बंद!” आत्यानं लाकडी चिमटा आत घातला. एक दगड उचलून पाहिला. “हा जड, हा माझा.” दुसरा उचलला. “हाही माझा.” तिसरा उचलताच तिच्या भुवया वर गेल्या. “अगं, हा तर हलका! मघाशी ठेवताना कसं कळलं नाही मला? आनंदात माणूस आंधळं होतं, दुसरं काय.”

गाठ बाहेर आली. पानावर ठेवली तेव्हा वाफाळत होती. तुकडे झाले नव्हते. पण मध्यावरून एक बारीक भेग गेली होती, चहूबाजूंनी, जणू नारळ फोडायच्या आधी कुणी रेघ आखून ठेवावी.

तिघं तिच्याभोवती उकिडवे बसले.

“कळतंय कुणाला,” आत्या हळूच म्हणाली. “काथ्याचा दोरा घालते, चार वेढे. शोभेसाठी बांधलाय म्हणायचं. वाहून नेताना छान दिसतो. जहाजावर गेल्यावर फुटली तर त्यांच्या हातून फुटली.”

अकाईतीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा कोपर खाजवत होते.

“मी एकदा भेग पडलेला सोनेरी मोती चांगली बाजू वर करून विकला होता,” ते म्हणाले. “व्यापाऱ्याला कळलं नाही. पण तो बेटावर आला की मी मागच्या दारानं पळायचो. सहा वर्षं. शेवटी तो बिचारा विचारायला लागला, साईतू माझ्यावर रागावलाय का म्हणून.”

“मग मी काय करू?”

“ते मी कसं सांगू? जहाजावर जायचंय ते तुला.”

आत्यानं काथ्या बांधला. घट्ट, सुबक. भेग दिसेनाशी झाली.

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पंखे गरगरत होते, पहिल्या रांगेत नर्सबाई, पाळक आणि तेरेआपीताई. मागे बायका विणलेल्या टोप्यांनी वारा घेत होत्या.

बाकी तिघांचं झाल्यावर, लगूनपलीकडच्या ते तौतुआ गावचा सोआतिनी अकाईतीच्या आधी बोलला आणि फक्कड बोलला. त्यानं गाठ एक दिवस उन्हात वाळवून तोलली होती, मग रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलली होती. “वजन वाढलं!” तो ओरडलाच. “म्हणजे हा दगड दिसतो भरीव, पण पाणी पितो! याच्या अंगात बारीक बारीक भोकं आहेत, स्पंजासारखी!” तेरेआपीताईंनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. टाळ्या पडल्या. अकाईतीनंही टाळ्या वाजवल्या, कारण खरंच ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तिचं नाव पुकारलं गेलं.

तिनं आजोबांचं कोपर टेबलावर ठेवलं. लोक हसले. आजोबांनी राजासारखी मान ताठ केली.

“ही माणसातली गाठ,” अकाईती म्हणाली. “आजोबांच्या रक्तात युरिक अॅसिड फार होतं. ते विरघळेनासं झालं की त्याचे सुयांसारखे बारीक खडे होतात आणि सांध्यापाशी साचतात. त्यांच्याभोवती ही गाठ तयार होते.”

“आणि त्यात ट्यूना भर घालतो,” नर्सबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. आजोबांनी छताकडे पाहिलं.

“ही झाडातली.” तिनं वेलाची मुळं उंच धरली. “हिच्या आत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. वेल त्यांना साखर देतो आणि ते हवेतून वेलासाठी खत बनवतात. म्हणून नुसत्या वाळूतही हा वेल हिरवागार असतो. आजोबांची गाठ दुखते, वेलाची गाठ त्याला जगवते. पण एक गोष्ट दोघींची सारखी. गाठ उगाच पडत नाही. ती कशाभोवती तरी पडते. मोतीसुद्धा तसाच. आत काहीतरी असतं, मग त्याच्याभोवती थर चढतात.”

तिनं समुद्रातली गाठ उचलली. काथ्या छान दिसत होता. हे एवढंच बोलून ती खाली ठेवता आली असती. तेरेआपीताई पुढे वाकून ऐकत होत्या, पेन वहीवर टेकलेलं होतं. जहाज एका वाक्यावर उभं होतं.

“मला हिच्याबद्दल हेच सांगायचं होतं की हिच्या आतही काहीतरी असणार,” ती म्हणाली. “पण काय ते मला माहीत नव्हतं, कारण अखंड ठेवायची अट होती.” तिनं काथ्यावर बोट ठेवलं. “आता ती अखंड नाही. सकाळी उमूत भाजली गेली.”

सभागृहात असा हशा उसळला की पंख्यांचा आवाज बुडाला.

रूता आत्या मागे ताडकन उभी राहिली. “हसू नका! पोरीची चूक नाही. मी भाजली! मला वाटलं माकिरेतानं दगड परत केला!”

“मी कशाला परत करू?” माकिरेता ओरडली. “तो तर माझ्या चुलीखाली—” आणि तिनं टोपीनं तोंड झाकून घेतलं.

हशा थांबेपर्यंत अकाईतीनं काथ्या सोडला. दोन्ही हातांनी गाठ धरली आणि अलगद पिळली. गाठ उघडली. दोन वाट्या झाल्या.

आत कांद्यासारखे थर होते, काळे आणि तपकिरी, एकावर एक, केसाएवढे बारीक. आणि एका वाटीच्या मधोमध काहीतरी गुळगुळीत होतं, एका बाजूनं दुमडलेलं, फिकट राखाडी.

“कवडी!” सोआतिनी टेबलापाशी धावत आला. “अकाईती, कवडी आहे गं!”

“पाच किलोमीटर खोल कवडी कुठून येणार?” आजोबांनी प्रदर्शन सोडून मान खुपसली. “आणि हे शिंपल्यासारखं वाटतंय, पण शिंपला नाही. शिंपला मी ओळखतो. हे हाड आहे.”

आता तेरेआपीताईंची खुर्ची मागे सरकली. त्या पुढे आल्या, खिशातून भिंग काढलं, वाटीवर वाकल्या. सगळं सभागृह त्यांच्या पाठीवर वाकलं.

“हाडच आहे, आजोबा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शाळकरी मुलीसारखा झाला होता. “हा देवमाशाचा कान आहे. कानाच्या आतलं हाड. देवमासा मेला, तळाशी गेला, बाकीची हाडं विरघळून गेली. हे फार टणक असतं, हे उरलं. आणि त्याच्याभोवती ही गाठ वाढत गेली.”

“एक कोटी वर्षांपूर्वीचा कान?” अकाईतीनं विचारलं.

“तेवढा तरी असेल.”

आता कुणाला बसवेना. पोरं टेबलावर चढली, पाळक पोरांवर ओरडता ओरडता स्वतःच खुर्चीवर चढले. वाटी हातोहात फिरली. एका म्हातारीनं ती आपल्या कानाला लावून पाहिली.

बऱ्याच वेळानं तेरेआपीताईंनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

“बक्षीस सोआतिनीचं,” त्या म्हणाल्या. “अट अट असते. आणि त्यानं काम चोख केलंय.”

सोआतिनीनं आरोळी ठोकली. अकाईतीनं मान डोलावली. बरोबरच होतं. तरी नाकाचं टोक झोंबायला लागलं, तेव्हा ती रानवेलाची मुळं बादलीत भरू लागली.

“थांब, तू कुठं निघालीस?” तेरेआपीताई म्हणाल्या. “आमच्या जहाजावर प्रत्येक नमुन्याची नोंद लागते. हा नमुना भाजलेला आहे. किती वेळ आगीत होता, कुठली बाजू खाली होती, भेग कधी पडली, हे मला कोण सांगणार? नोंद जहाजावरच्या प्रयोगशाळेत होते. तुला उद्या यावंच लागेल. हे बक्षीस नाही, हे काम आहे.”

अकाईतीच्या हातातून बादली निसटली.

“आणि भाजणाऱ्या बाई कुठं आहेत?” ताईंनी विचारलं. “उमू किती तापली होती ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार?”

“मी? बोटीत?” रूता आत्या म्हणाली. “मला बोट लागते!”

“जा की,” माकिरेता मागून म्हणाली. “तोवर मी तुझा दगड आणून ठेवते.”

गुरुवारी दुपारपर्यंत जहाज कड्यापासून फार दूर आलं होतं. कॅमेरा दोन तास नुसता खाली जात होता. पडद्यावर अंधार, आणि अंधारात पांढरे कण, वरून खाली पडणाऱ्या राखेसारखे. सोआतिनीनं सहा वेळा विचारलं, आलं का, आलं का. रूता आत्या भिंतीला धरून डोळे मिटून बसली होती आणि कुठल्यातरी स्तोत्राच्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“तळ!” यंत्रापाशी बसलेला माणूस म्हणाला.

तपकिरी गाळ पडद्यावर उगवला, आणि त्यावर गाठी. एक नाही, दहा नाही. दिव्याच्या उजेडात जिथवर दिसत होतं तिथवर गाठीच गाठी, कुणी मुद्दाम पेरल्यासारख्या, एकीला एक खेटून. सोआतिनी ओरडायचं विसरला. आत्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा.

“देवा रे,” ती म्हणाली. “एवढे दगड! आणि सगळे फुटके निघणार.”

अकाईती पडद्याला नाक लावून उभी होती. कॅमेरा संथपणे सरकत होता. गाठी येत होत्या, जात होत्या. मग एका गाठीच्या डोक्यावर तिला काहीतरी उभं दिसलं. पांढरं, काचेच्या काडीसारखं, टोकाला फुलासारखा पेला. काडीला पाच बारीक पाय गुंडाळून कुणीतरी बसलेलं होतं, आणि त्याच्या मागून आणखी एक जीव, पारदर्शक, जांभळट, हळूच गाठीवर चढत होता.

“थांबवा!” ती किंचाळली. “मागे घ्या! डावीकडे! तिथं कुणीतरी राहतंय!”

माणसानं घाईघाईनं दांडा फिरवला. उजेड परत आला. सगळे पडद्यावर तुटून पडले.

“काडीवाला स्पंज आहे,” तेरेआपीताई भराभर म्हणाल्या. “गाठीलाच चिकटून वाढतो, गाळात त्याला पाय रोवता येत नाहीत. त्यावरचा तो तारामाशाचा भाऊबंद. आणि हा जांभळा…” त्या पडद्याजवळ गेल्या. “हा कोण ते मला माहीत नाही.”

“तुम्हालासुद्धा?”

“मलासुद्धा.” त्यांनी वही अकाईतीच्या हातात कोंबली, वर पेन ठेवलं. “लिही, लवकर. वेळ, खोली, रंग, कुठल्या बाजूनं चढतोय. तू पाहिलास ना आधी? मग तूच लिही.”

अकाईतीनं खोलीचा आकडा लिहिला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. जांभळा जीव गाठीच्या माथ्यावर पोहोचला होता आणि आता पलीकडच्या बाजूनं उतरायला लागला होता.